आक्कांचं गोंदण पुसू नका : कोल्हापुरात स्मृतिपुस्तिका छापून घेताना

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. ए-५ आकार, ४८ पानं आणि कव्हर, मधोमध दोन पिना, २५० प्रती. आतला कागद ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरभर कागदाचं ग्रॅममधलं वजन) नॅचरल शेड, मधली आठ फोटोंची पानं १३० जीएसएम मॅट आर्ट पेपरची, कव्हर ३०० जीएसएमचं आणि त्यावर मॅट लॅमिनेशन. मागच्या कव्हरच्या आत एक खिसा, त्यात घडी घातलेला मोठा कागद. मंगळवार पेठेत ज्यांच्या शिवणक्लासात निम्म्या पेठेनं आपला पहिला ब्लाउज बेतला, त्या आक्कांच्या पहिल्या पुण्यस्मरणासाठी सतरा मैत्रिणींनी ही पुस्तिका लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यातून करून घेतली. छापखान्याचं नाव इथं देत नाही, कारण खाली ज्या उणिवा लिहिल्या आहेत त्या एकाच दुकानाच्या नाहीत. हे काम कुठंही दिलं तरी याच ठिकाणी अडकतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. छपाई उत्तम, बांधणी उत्तम, जुळणी (मजकूर टाइप करून पानांत बसवणं) बरी. फोटोच्या कामावर शेजारी बसून लक्ष ठेवावं लागतं. मुद्रितशोधन, म्हणजे छापण्याआधी चुका तपासणं, सेवेत धरलेलं असतं असं समजू नये, ते नसतंच.

वेळेचं गणित सगळ्यात मोठं आहे. कोल्हापुरात माणूस गेल्यावर पहिले तीन दिवस छापखान्याशी गाठ पडत नाही. पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्काराची सोय महापालिका मोफत करते, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. छापखान्याची आठवण येते ती दिवसकार्याच्या तोंडावर, आणि तेव्हा घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. त्या आठ-दहा दिवसांत उरकलेल्या पुस्तिका बहुतेक घरांच्या कपाटात आहेत. कव्हरवर ढग आणि समई, आत ‘काळाने घाला घातला’, फोटो कुणाच्या तरी मोबाइलवरून उचललेला आणि नावात एक चूक. दिवसकार्याला एक साधं कार्ड पुरतं : एक फोटो, दोन तारखा, गेलेल्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य. पुस्तिका वर्षश्राद्धासाठी ठेवावी. लेख गोळा करायला दोन महिने, जुळणीला आठ-दहा दिवस, तीन प्रुफांना (तपासायला काढलेल्या कच्च्या प्रतींना) मिळून दोन आठवडे, छपाई-बांधणीला एक आठवडा. तीन महिने लागतातच, चार हाताशी ठेवावेत. दिवाळीआधीच्या दोन महिन्यांत दिवाळी अंक आणि कॅलेंडरं यंत्रावर असतात, लग्नसराईत पत्रिका असतात. त्या काळात लहान काम मागं पडतं, यात छापखान्याला दोष देता येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो बांधणी करू नये. इथल्या पावसात कागद हवेतलं पाणी ओढतो. कव्हरच्या एकाच बाजूला लॅमिनेशन असतं, दुसरी बाजू उघडी राहते. उघडी बाजू फुगते, झाकलेली फुगत नाही, आणि दोन दिवसांत कव्हर कानासारखं वळतं. काम पावसाळ्यात करावंच लागलं तर बांधून झालेल्या प्रती वजनाखाली ठेवून मगच उचलाव्यात.

लेख मागवताना ‘आक्कांबद्दल दोन शब्द लिही’ असं सांगितलं, तर सतरा लेखांत सतरा वेळा ‘हसतमुख, मनमिळाऊ, प्रेमळ’ येतं. लिहिणाऱ्या खोटं लिहीत नसतात, प्रश्नच तसा असतो. त्याऐवजी प्रत्येकीला लहान, नेमके प्रश्न दिले. आक्कांनी शिवलेली कोणती वस्तू अजून घरात आहे? कापड चुकीचं कापलं गेलं तर त्या काय म्हणायच्या? क्लासची फी राहिली तर काय करायच्या? उत्तरं एकदम जिवंत आली. चुकीच्या कापडाच्या प्रश्नाला नऊ जणींनी एकच वाक्य लिहिलं : ‘कापड गेलं तर गेलं, हात आला न्हवं?’ ते वाक्य नऊ ठिकाणी ठेवून चालत नाही. ते पहिल्या पानावर एकटं छापलं आणि नऊ लेखांतून काढलं. हा निर्णय छापखाना घेत नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागतो. फीच्या प्रश्नाची उत्तरं मात्र सगळी ठेवली. कुणाची फी आक्कांनी काजं-बटणं करून घेऊन फेडून घेतली, कुणाची वहीत लिहून पुढं कधी काढलीच नाही. प्रत्येकीचा हिशेब वेगळा होता.

लांबी सांगून ठेवावी. ए-५ पानावर १३ पॉइंटात (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) साधारण अडीचशे शब्द बसतात. वाचणाऱ्या साठीच्या पुढच्या असतील तर १४ पॉइंट घ्यावा, मग दोनशेच बसतात. मराठीला ओळींमधलं अंतर सढळ हवं. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, जोडाक्षरं असतात. १४ पॉइंटाला २० पॉइंटाचं अंतर ठेवलं की पान मोकळं दिसतं. जागा वाचवायला ऑपरेटर हे अंतर हळूच कमी करतो. प्रुफात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना टेकलेल्या दिसल्या तर समजावं.

नावाच्या आधी काय लावायचं यावर पहिलं प्रूफ अडलं. छापखान्याच्या तयार साच्यात विधवा बाईच्या नावाआधी ‘गं. भा.’ आपोआप येतं. ते काढून नुसतं नाव ठेवलं. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ राज्य सरकारनं तसं परिपत्रक काढलं. तेव्हा कोल्हापुरात छापल्या जाणाऱ्या कागदावर तरी ‘गं. भा.’ आपोआप येऊ नये. आक्कांच्या शेवटच्या वीस वर्षांतल्या प्रत्येक फोटोत टिकली आहे. ‘टिकली ठेवायची का काढायची?’ असं ऑपरेटरनं विचारलं. त्यानं विचारलं हे चांगलंच केलं, न विचारता काढली असती तर घात झाला असता. ठेवायची. या प्रश्नाचं उत्तर कामाच्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी लिहून द्यावं.

आता जुळणी. इथले बहुतेक छापखाने अजून श्रीलिपी या जुन्या मराठी जुळणीच्या सॉफ्टवेअरवर काम करतात, आणि मैत्रिणी मोबाइलवर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या वेगळ्या पद्धतीत, लिहितात. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होताना ठरावीक अक्षरं मोडतात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘कुऱ्हाड’ फुटते, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो, अवतरणचिन्हं उलटी लागतात. रूपांतराच्या आधी आणि नंतर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’, ‘द्ध’, ‘ट्ट’ एवढी पाच शोधून पाहिली तरी बरीच दुरुस्ती होते. ‘द्ध’चं विशेष सांगायला हवं. गावभरच्या फ्लेक्सवर ‘श्रध्दांजली’ असतं. बरोबर रूप ‘श्रद्धांजली’, आधी अर्धा द, मग ध. तसंच ‘स्मृती’ एकटी असेल तर दीर्घ, पण ‘स्मृतिदिन’, ‘स्मृतिपुस्तिका’ यांत ऱ्हस्व. माणूस गेल्यानंतर छापलेल्या दोन-चार शब्दांपैकी एक तरी चुकलेला असावा, हे फार लागतं.

मुद्रितशोधक वेगळा शोधावा. निवृत्त मराठीच्या शिक्षिका हे काम आस्थेनं करतात. पहिलं प्रूफ लेखिकेकडं, दुसरं शोधकाकडं, तिसरं आक्कांच्या घरातल्या एका माणसाकडं, असा क्रम ठेवला. तिसऱ्या प्रुफात फक्त नावं, नाती आणि तारखा पाहायच्या. सगळ्यांना सगळी प्रुफं ग्रुपवर टाकली की प्रत्येकीला वाटतं दुसरीनं वाचलं असेल. दुरुस्ती फोनवर सांगू नये. कागदावर लाल शाईनं, समासात करावी. दुरुस्त केलेल्या ओळीच्या वरची आणि खालची ओळही पुन्हा वाचावी, कारण नवी चूक तिथंच शिरते.

या पुस्तिकेत सर्वांत नाजूक भाग होता आक्कांची मापांची वही. दोनशे पानी, मागच्या बाजूनं चटणीची प्रमाणं, पुढच्या बाजूनं ब्लाउजची मापं. आक्का अपूर्णांक जुन्या पद्धतीनं लिहायच्या. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे ‘१४॥’ हे साडेचौदा, ‘१।’ सव्वा, ‘१॥।’ पावणेदोन. तरुण ऑपरेटरला हे माहीत असण्याचं कारण नाही. त्याला त्या रेघा पूर्णविराम वाटल्या आणि त्यानं त्या काही ठिकाणी काढून टाकल्या. एका पानावर ‘१४॥’ चं ‘१४११’ झालं. दुसरीकडं ‘मुंढा पाव इंच आत’ हे ‘पाऊण इंच आत’ असं लागलं. मुंढ्याला, म्हणजे काखेच्या गोलाईला, अर्ध्या इंचाचा फरक म्हणजे हात वर केला की ब्लाउज काखेत काचतो, बाही बसत नाही. चटणीच्या पानावर लसूण पाव किलोचा पाऊण किलो झाला होता, तोही तिसऱ्या प्रुफात सापडला. अशी वही छापायची असेल तर जुळणीला देण्याआधी प्रत्येक आकडा अक्षरात लिहून द्यावा, ‘साडेचौदा’, ‘सव्वा’. पानावर मात्र आक्कांचीच खूण छापावी आणि खाली एका ओळीत तिचा अर्थ द्यावा. हस्ताक्षरातले १ आणि ९, ५ आणि ६ हेही वेगळे तपासावेत.

वहीची चार पानं जशीच्या तशी स्कॅन करून घेतली. स्कॅन रंगीतच करावं. काळ्या-पांढऱ्यावर केलं की फिकट पेन्सिल नाहीशी होते आणि तेलाचा डाग काळा ठिपका होऊन बसतो. रंगीतमध्ये डाग डागासारखा राहतो, अक्षर वर तरंगतं. ‘स्वच्छ करून देऊ का?’ असं विचारतात, नको म्हणावं. खडूचा निळा बोटाचा ठसा एका पानावर उमटला आहे, सबंध पुस्तिकेत तेवढी एक गोष्ट आक्कांच्या बोटाची आहे.

बोलीचं एक. आक्का ‘न्हवं’, ‘कवा’, ‘आत्ता गं बया’ असं बोलायच्या. जुळणीत ‘नव्हे’, ‘केव्हा’ झालं, पुढं शोधकानंही तेच केलं. दोघांनीही आपलं काम नीटच केलं होतं, पण आक्का गायब झाल्या. अवतरणात असलेलं बोलणं पिवळ्या रंगानं रंगवून द्यावं आणि वर लिहावं : रंगवलेल्यास हात लावू नये.

फोटोंकडं आता. छपाईला फोटो ज्या मापात छापायचा त्या मापात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसलेला असतो. तो पासपोर्टएवढा छापला तर चालून जातो, पानभर केला की चेहऱ्यावर चौकोन दिसतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ आकारात पोचतो. सतरा जणींना हे एकदा करून दाखवावं लागतं, नुसतं सांगून होत नाही. जुने फोटो मोबाइलनं टिपून पाठवू नयेत. ट्यूबलाइटची पट्टी हमखास येते, कडा वाकड्या होतात. मूळ फोटो गोळा करून स्कॅनरवर घ्यावेत. लहान असतील तर ६०० डीपीआयवर, म्हणजे दुप्पट मोठे करता येतात. रेशमी पोताच्या कागदावरचे स्टुडिओचे फोटो स्कॅनरवर चमकत्या ठिपक्यांनी भरून येतात. ते सावलीत, खिडकीच्या बाजूच्या मऊ उजेडात कॅमेऱ्यानं घेतलेले बरे. प्रत्येक फोटोच्या मागं पेन्सिलीनं मालकिणीचं नाव लिहावं, बॉलपेननं नको, दाबाचा वळ पुढं उमटतो.

कोल्हापुरात जुना फोटो म्हटलं की महापुराचा विषय निघतोच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा सखल भागातल्या घरांत पाणी शिरलं आणि अल्बम भिजले. असे फोटो सोडवताना घाई झाली तर चेहरा उचलून येतो. फोटोवरचा प्रतिमेचा थर जिलेटिनचा असतो. भिजून वाळला की तो समोरच्या कागदाला किंवा काचेला चिकटतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नये. काचेसकट स्कॅन करावा, स्कॅन झाल्यावर मग काय ते. एकमेकांना चिकटलेले जुने स्टुडिओ फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवून आपसूक सुटू द्यावेत, सुटल्यावर तोंड वर करून सावलीत वाळवावेत, उन्हात नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नयेत, शाई निघून जाते. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर दात साफ करायचा दोरा मागून सावकाश फिरवतात. तरी नाही निघाला तर पानच स्कॅन करावं. आक्कांच्या क्लासच्या पहिल्या बॅचचा एकमेव गटफोटो असाच काचेला धरलेला होता. डाव्या कोपऱ्यातल्या दोन मुलींचे चेहरे पुरात गेले, आक्कांचा राहिला. तो कोपरा ‘भरून’ घेतला नाही. भरलेला चेहरा त्या मुलींचा नसता.

आता गोंदण. आक्कांच्या हनुवटीवर तीन ठिपके आणि कपाळावर एक बारीक तुळस होती. फोटोकाम करणाऱ्या मुलानं त्वचा ‘स्मूथ’ करणारी पट्टी फिरवली. गोंदण गेलं, डोळ्यांखालच्या सुरकुत्या गेल्या, रंग दोन छटा उजळ झाला. समोर आली ती कुणीतरी दुसरी बाई. हे मुद्दाम केलेलं नसतं, लग्नाच्या अल्बमची सवय हाताला असते. मोबाइलचा कॅमेराही हेच करतो, म्हणून शक्य तिथं जुने, फिल्मवरचे फोटो निवडावेत. कामाच्या चिठ्ठीवर असं लिहून द्यावं : ‘ओरखडे, घडीच्या रेघा, बुरशीचे डाग काढणे. चेहऱ्यावर काहीही करू नये. रंग उजळू नये.’ आणि मूळ फोटो शेजारी धरून तपासावं, आठवणीवर विसंबू नये. चेहरा कापून त्यामागं आकाश, कमळ, तेजोवलय लावण्याचीही तयार सोय असते. आक्का पायमशीनमागं बसलेल्या आहेत, गळ्यात टेप आहे, मागं खुंटीवर अस्तराचे तुकडे आहेत. ते तुकडे ठेवण्यासाठीच तो फोटो निवडला.

पडद्यावर दिसणारा रंग कागदावर येत नाही, हे माहीत असलं की भांडण टळतं. पडदा प्रकाशाचे तीन रंग वापरतो, छपाई चार शायांनी होते. झळझळीत नारिंगी, पोपटी, राणी रंग शाईत उतरत नाहीत, मंद होतात. साडीचा राणी मंद झाला तर चालेल, कातडीचा रंग लालसर किंवा राखाडी झाला तर चालत नाही. म्हणून फोटोंच्या आठ पानांचं, त्याच १३० जीएसएम कागदावर, त्याच यंत्रावरचं एक प्रूफ मागावं आणि ते दिवसा दारात उभं राहून पाहावं. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली सगळेच चेहरे निळे दिसतात. हे प्रूफ छापखान्यानं कुरकुर न करता दोनदा काढून दिलं, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. मजकूर फक्त काळ्या शाईत छापायला सांगावा. चार शायांचा मिळून काळा केला की यंत्रावर केसभर सरकलं तरी अक्षरांना रंगीत सावली येते. बारीक अनुस्वार तर वाचताच येत नाहीत.

२५० प्रतींना पूर्ण ऑफसेट (प्लेट करून होणारी छपाई) महाग पडतं, कारण प्लेट, जोडणी आणि सुरुवातीचा वाया जाणारा कागद हा खर्च प्रती कितीही असल्या तरी तेवढाच येतो. आतली मजकुराची ४० पानं एकरंगी ऑफसेटवर आणि मधली आठ रंगीत पानं डिजिटलवर (प्लेटशिवाय, थेट फाइलवरून), असा मेळ त्यांनी सुचवला. तो योग्य होता. कोटेशन घेताना जुळणी, स्कॅनिंग, प्लेट, कागद, छपाई, लॅमिनेशन, बांधणी हे सात आकडे वेगवेगळे मागावेत. एकच आकडा दिला तर कागद बदलला तरी कळत नाही. आतला कागद ८० ऐवजी ७० जीएसएमचा लागला तर मागच्या पानाची अक्षरं पुढं झिरपल्यासारखी दिसतात. नमुन्याच्या कागदावर सही घेऊन तो जपून ठेवावा.

मध्यपिनेच्या बांधणीत पानं चारच्या पटीतच बसतात. ४५ पानांचा मजकूर असेल तर ४८ची पुस्तिका होते आणि तीन पानं उरतात. ती जाहिरातीला किंवा देवाच्या चित्राला देऊ नयेत, कोरी ठेवावीत. वाचणाऱ्या तिथं लिहितात. दुसरं, पानं एकात एक घातल्यामुळं मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त कापली जाते. मधल्या पानांवर बाहेरचा समास किमान १५ मिलिमीटर नसेल तर गटफोटोतल्या कडेच्या मैत्रिणीचा खांदा जातो. एका नमुन्यात गेलाच होता, समास वाढवून घेतला. ३०० जीएसएमच्या कव्हरला घडीआधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून पाडलेली रेघ) हवंच, नाहीतर पाठीवर रंग तडकून पांढरी रेघ येते. पिना गंज न धरणाऱ्या तारेच्या आहेत ना, विचारावं. कपाटात चार पावसाळे काढले की साध्या पिनेचा तपकिरी डाग मधल्या पानावर पसरतो, आणि मधल्याच पानावर सगळ्यात चांगला फोटो असतो.

आवाजाचंही थोडं. आक्कांचे जात्यावरच्या ओव्यांचे पाच ध्वनिमुद्रित तुकडे मैत्रिणींच्या फोनमध्ये होते. त्यांचा क्यूआर कोड शेवटच्या पानावर आहे. हा कोड ‘स्टॅटिक’, म्हणजे दुवा थेट कोडातच असलेला, करून घ्यावा. फुकट बनवून देणाऱ्या काही ठिकाणी ‘डायनॅमिक’ कोड (त्यांच्या साइटवरून फिरून जाणारा) देतात, मुदत संपली की तो बंद पडतो आणि छापलेलं पान मुकं होतं. आकार किमान दोन सेंटिमीटर, भोवती पांढरी मोकळी जागा, रंगीत पार्श्वभूमी नको. ध्वनिमुद्रण आक्कांच्याच गूगल खात्यात असेल तर आधी दुसरीकडं उतरवून घ्यावं, दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोपही ज्यांच्याकडं आहेत त्यांनी फोन बदलण्याआधी वेगळे साठवावेत.

काम संपल्यावर छापखान्याकडून छपाईची पीडीएफ आणि मूळ उघडी (पुढं बदल करता येईल अशी) फाइल दोन्ही मागून घ्याव्यात. पीडीएफ दिली, उघडी फाइल दोनदा विचारल्यावर मिळाली. श्रीलिपीतल्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर अगम्य अक्षरं येतात, म्हणून युनिकोडमधला अंतिम, दुरुस्त मजकूर वेगळा ठेवावा. दुरुस्त्या कागदी प्रुफावर झालेल्या असतात, त्या या प्रतीत भरायच्या राहून जातात. मैत्रिणींचे पत्ते आणि फोन नंबर पुस्तिकेत छापू नयेत. पन्नास प्रती घरच्यांना, सतरा लेखिकांना दोन-दोन अशा चौतीस, बाकीच्या क्लासच्या मुलींना. एक प्रत करवीर नगर वाचन मंदिराला द्यावी असं ठरलं. १८५० पासून हे वाचनालय गावाची पुस्तकं सांभाळतं आहे.

खिशातला कागद शेवटी घेतला, कारण सगळ्यात जास्त खटपट त्याचीच झाली. तो आक्कांचा ३६ छातीच्या चार टक्सच्या (आकारासाठी घातलेल्या चुण्यांच्या) ब्लाउजचा बेत, म्हणजे कापड कापायचा नमुना आहे, खऱ्या मापात. पुढचा भाग आणि पाठ एका बाजूला, बाही मागं. १८ बाय २३ इंचांच्या डेमी शीटवर हे बरोबर मावतं. पुस्तिकेच्या पानावर लहान करून छापलेला बेत शोभेचा राहतो, त्यावरून कापता येत नाही. पहिल्या छपाईत यंत्रानं ‘कागदात बसवा’ हा पर्याय धरला आणि सगळा बेत तीन-चार टक्क्यांनी आकसला. नजरेला कळत नाही, पण ३६ची छाती पावणेपस्तीस होते. म्हणून कोपऱ्यात चार इंचांचा एक चौकोन छापून घेतला. टेप लावायचा, चार भरले तरच कापड घ्यायचं. घडी मुंढ्याच्या गोलाईवरून जाऊ देऊ नये, घडीवर रेघ झिजते आणि नेमकी गोलाईच कळेनाशी होते. घड्या सरळ कडांवरून पाडायला सांगितल्या आणि त्या तशाच आल्या आहेत.

वापरताना एक काळजी घ्यावी. घड्या मोडायला कागदावर इस्त्री फिरवायची आपली सवय आहे. हा कागद डिजिटल यंत्रावर छापला आहे, त्यावरचा काळा म्हणजे टोनर (भुकटीची शाई), तो उष्णतेनं वितळून इस्त्रीला लागतो आणि पुढच्या कापडावर उमटतो. आक्का कागदाच्या घड्या काढायला तो रात्रभर सतरंजीखाली अंथरून ठेवायच्या, वर मोठी कात्री. सकाळी कागद सपाट निघतो.